बायकांच्या बाजूचा कॅमेरा

लग्न परत लागत नाही. बाकी सगळं सावरता येतं. वरण खारट झालं तर पाणी घालतात, मंडप पडला तर उभा करतात, नवरदेव रुसला तर त्याचा मामा समजूत काढतो. पण अंतरपाट खाली आला तेव्हाचे चेहरे गेले तर गेले. म्हणून फोटोवाल्याच्या पिशवीत दोन कॅमेरे लागतात. एक कामाचा आणि एक, कामाचा बंद पडला तर. त्याला बॅकअप म्हणतात. आमच्या घरात कामाच्याला थोरला आणि बॅकअपला धाकटा म्हणायची पद्धत पडली होती. ही नावं माझ्या बायकोनं ठेवलेली.

अंकवाल्यांनी अनुभव लिहून मागितला तेव्हा मी सांगितलं, माझी शाळा सातवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, पण वाक्यं बदलू नका. मी जळगावात फोटो काढतो. गाव पारोळ्याजवळचं, हात तयार झाला धुळ्यात, एका उस्तादाच्या स्टुडिओत. लोक मला नाना म्हणतात. बायको इंदू, यावलकडची. गेल्या वर्षी गेली. आजार कोणता ते लिहीत नाही. ज्यांच्या घरात तो येऊन गेला त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही.

तर थोरला म्हणजे रेंजफाइंडर. हल्ली कोणी वापरत नाही म्हणून समजावून सांगतो. या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही. लेन्सच्या वर, एका कोपऱ्यात छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकट असते. त्या चौकटीत माणूस दोन-दोन दिसतो, पिऊन आलेल्याला दिसत असेल तसा. लेन्सवरचं कडं फिरवत जायचं. दोन नवरदेव सरकत सरकत एकमेकांत मिसळले की फोकस बसला, बटण दाबायचं. आवाज नखानं टिचकी मारावी एवढाच. पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडत असली तरी तिला कळत नाही की फोटो निघाला.

त्याचा एक मोठा दोष असा, की लेन्सला झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात झाकण असलं तर अंधार दिसतो, माणूस सावध होतो. आमच्यात माणूस खुशाल कड्याशी खेळत, "जरा हसा" म्हणत उभा. रोलच्या जमान्यात हे दुखणं फार महागात पडायचं. म्हणून इंदू बरोबर यायला लागल्यापासून तिचं एक काम ठरलेलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ती मागून ओरडायची, "टोपी!" एकदा अमळनेरकडच्या लग्नात ती ओरडली तर नवरदेवानं घाईघाईनं स्वतःची टोपी नीट केली, त्याचं बघून त्याच्या बापानं केली, आणि भटजींनी पण डोक्यावरून हात फिरवला. फोटोत तिघांचे हात डोक्यावर आहेत. त्या घरात तो फोटो अजून भिंतीवर आहे.

डिजिटल रेंजफाइंडर ही आमच्यासारख्यानं विकत घ्यायची वस्तू नाही. माझ्याकडचा धुळ्याच्या केसरीमलशेठनी दिलेला. कापडाचे व्यापारी, मूळ राजस्थानचे, पण फोटोचं वेड असं की दुकान पोरांवर टाकून माझ्याबरोबर लळिंगच्या डोंगरावर पक्षी बघत फिरायचे. हात थरथरायला लागले तेव्हा बोलावून घेतलं. म्हणाले, "नाना, पोरं हा कपाटात ठेवतील आणि पाहुण्यांना दाखवतील. तू कामाला लाव." मी म्हटलं, "शेठ, एवढा मोठा कॅमेरा मी जपू कसा?" ते म्हणाले, "जपू नको. वापर." त्यांचं ऐकलं.

पण तो जुन्या घडणीचा. मागे पडदा आहे, तो फोटो काढून झाल्यावरच काय निघालं ते दाखवतो, आधी दाखवत नाही. त्याच्या बॅटऱ्या सहज मिळत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात तो असा तापतो की कधीकधी मुकाट होतो. यावलला एका केळीवाल्यानं बागेतच पोरीचा साखरपुडा ठेवला होता, ऐन अंगठीच्या वेळी थोरला गप्प बसला. आणि तो फार जवळचं बघतच नाही. हातभर लांब उभं राहावं लागतं. मेंदीचा हात, अंगठीचं बोट, डोळ्यातलं पाणी, त्याला जमत नाही.

त्या केळीच्या बागेतून आल्यावर आम्ही धाकटा घेतला. मिररलेस म्हणतात ती जात. पोटात आरसा नाही म्हणून अंग लहान. लेन्स जे बघते तेच मागच्या पडद्यावर दिसतं, झाकण राहिलं तर अंधार दिसतो. माणसाचा चेहरा तो स्वतः शोधतो, त्याभोवती चौकोन काढतो, फोकस लावतो. दुकानात मी त्याला खेळणं म्हटलं. इंदूनं तो उचलला, स्वतःच्या पर्समध्ये घातला, चेन लावून बघितली आणि म्हणाली, "हाच. मावला."

"पर्समध्ये मावतो म्हणून कॅमेरा घेतात का कधी?"

"तुमचा दगड तुम्ही गळ्यात घाला ना. मले हा पाहिजे."

ती शेवटपर्यंत 'मले' म्हणायची आणि मी 'माले'. यावल आणि पारोळा एका घरात किती वर्षं राहिले, कोणी कोणाचं ऐकलं नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या दुकानामागच्या मोहल्ल्यात रशीदभाई राहतात. पत्र्याच्या पेट्या बनवतात, लग्नात मुलीबरोबर देतात त्या, वर फुलं रंगवलेल्या. त्यांना तीन मुली. थोरलीच्या लग्नाचं काम मला दिलं तेव्हा रशीदभाई म्हणाले, "नाना, बाहेरचं सगळं तुम्ही काढा. आत मात्र..." त्यांच्याकडे बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये पडदा, बाहेरच्या पुरुषानं आत जायचं नाही. मुलीच मोबाइलवर काढतील म्हटलं तर त्यांच्या आईचा, म्हणजे दादीचा त्याला विरोध. मोबाइलवरचा फोटो गावभर फिरतो. म्हणून त्यांच्याकडे आतल्या दाराशी एक खाला, म्हणजे मावशी, पिशवी घेऊन बसते, येणाऱ्या प्रत्येकीचा मोबाइल त्या पिशवीत.

इंदू माझ्याबरोबर होतीच. पर्समधून धाकटा काढून म्हणाली, "मी जाते ना आत."

दादीनं एक अट घातली. आतला फोटो कुठल्याच बाहेरच्या पुरुषाच्या नजरेला पडायचा नाही. रशीदभाईंना अवघड झालं, पण त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, "मतलब आपके भी नहीं, नाना."

ती अट आम्ही पाळली, तिथून पुढे मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नात पाळली. बाहेरचे फोटो मी बघायचो. आतले इंदू बघायची. ती कॉम्प्युटरवर बसली की मी दुकानाबाहेर. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचो. टपरीवाला विचारायचा, "नाना, काढलं का घराबाहेर?" प्रिंट तीच काढायची, पाकीट तीच चिकटवायची, पाकीट घरापर्यंत नेऊन देऊन यायची आणि आल्यावर कार्डावरचे फोटो पुसायची. माझ्या दुकानाचं निम्मं काम मी डोळ्यानं बघितलेलं नाही. लोक मला म्हणायचे, भाभींचा हात चांगला आहे. मी मान हलवायचो. मला काय माहीत कसा आहे?

दुसऱ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी दादीच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, पट्टी होती. त्या म्हणाल्या, अशी नाही बसणार मी. इंदूला सांगितलं, "अगली में बैठूँगी. तीनों के साथ." तिन्ही नातींबरोबर त्यांनी अजून फोटो काढून घेतला नव्हता, आणि इतर कोणाच्या हातून काढून घ्यायचा नव्हता.

मग इंदू गेली. धाकटा तिनं जुन्या साडीच्या काठाची थैली शिवली होती तिच्यात होता. तो मी माझ्या पिशवीच्या तळाला ठेवला. नाड्या न सोडता, फटीतून वायर आत घालून रोज चार्ज करायचो, कारण बॅकअप चार्ज असला पाहिजे. पण बाहेर काढला नाही. बायकांच्या बाजूचं काम बंद, असं सगळ्यांना सांगून टाकलं.

या वर्षी रशीदभाई धाकट्या मुलीच्या, रुखसारच्या लग्नाची तारीख घेऊन वर घरी आले. मी त्यांनाही तेच सांगितलं. ते चहाचा कप हातात धरून बसले.

"अम्मी चालत नाही आता, नाना. खुर्चीवर बसवून खाली आणावं लागतं. तीनही मुली एका ठिकाणी पुन्हा कधी येणार, एक सुरतला, एक मालेगावला. अम्मी रोज विचारते, फोटोवाली कोण येणार."

"त्यांना माहीत नाही का इंदू गेली?"

"माहीत आहे. रडली किती! पण म्हणते, इंदू गई, उसका कॅमेरा तो नहीं गया."

"कॅमेरा आहे. हात नाही."

रशीदभाई उठले. दारापर्यंत गेले तोवर आतून माझी सून वंदना बाहेर आली. ही धुळ्याची. घरी शिवणकाम करते, मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे हीच शिवते, त्यामुळे रुखसारच्या मापापासून दादीच्या स्वभावापर्यंत तिला सगळं माहीत. रशीदभाई गेल्यावर म्हणाली, "नाना, मी जाईन आत."

"तुला काय येतं?"

"येईल की."

"तो कॅमेरा मला कोणाला द्यायचा नाही."

"मग कशाला ठेवलाय? देव्हाऱ्यात मांडायला?"

माझा मुलगा संजय जेवत होता. तो म्हणाला, "वंदना, जाऊ दे ना."

"जाऊ काय दे? त्या म्हातारीचं मन आहे. आई असत्या तर त्यांनीच मला पुढे ढकललं असतं."

मी चप्पल घातली आणि खाली दुकानात येऊन बसलो. राग तिचा आला नव्हता. ती थैलीच्या नाड्या सोडेल, तिची बोटं त्या बटणांवर फिरतील, एवढंच डोळ्यापुढे यायचं. दुसरा कोणी हात लावला की इंदूचा हात त्यावरून पुसला जाईल असं काहीतरी. आता लिहिताना येडेपणा वाटतो. तेव्हा तो येडेपणा नव्हता.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी स्कूटरवर निघालो. वंदना आधीच गेलेली, तिला दादीनं पाहुणी म्हणून बोलावलं होतं. नळाच्या पाइपासाठी रस्ता खणून ठेवलेला, त्याच्यावर माती नुसती लोटलेली. चाक खड्ड्यात गेलं आणि पायाजवळ ठेवलेली पिशवी खाली आपटली. उघडून बघितलं, थोरला दिसायला ठीक होता. ओरखडा नाही.

मंडपात वरात आली. मी खिडकीतून बघितलं, कडं फिरवलं, दोन नवरदेव एक झाले, बटण दाबलं. मागे पडद्यावर फोटो मोठा करून बघितला तर नवरदेवाचं तोंड धुरकट आणि त्याच्या मागचा मंडपाचा बांबू कसा, गाठी मोजून घ्या. म्हटलं आपलीच नजर चुकली. पुन्हा काढला. पुन्हा बांबू.

रेंजफाइंडरला हे होतं. खिडकीचा आणि लेन्सचा आत एका बारीक कांडीनं सांधा असतो. आपटलं की ती कांडी केसभर हलते. मग खिडकी सांगते एक आणि लेन्स बघते दुसरंच. बाहेरून काही कळत नाही. ते घरी बसून सुधारता येत नाही, पुण्याच्या मेकॅनिककडे पाठवावा लागतो.

बॅकअप असतो तो अशा वेळेसाठीच. मी पिशवीत हात घातला, थैलीच्या नाड्या सोडल्या. इंदूच्या गाठी होत्या, सुटेनात, दात लावले. चालू केला तेव्हा टुक करून आवाज आला. तो आवाज तिला आवडायचा, बंद कर म्हटलं तरी करायची नाही. मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. मग पुढे झालो आणि नवरदेव काढला. चेहऱ्यावर चौकोन आला, फोटो स्वच्छ. दुसरा काढला, तिसरा काढला. मनात म्हटलं, निभतंय. निकाह व्हायचा होता अजून, काझीसाहेब यायचे होते. धाकट्यानं सगळं उरकलं असतं.

तेवढ्यात पडद्याच्या बाजूनं रशीदभाई आले. कपाळ घामानं भिजलेलं.

"नाना, अम्मी हट्ट धरून बसली. सकाळपासून तयार होऊन, तिघींना शेजारी बसवून. म्हणते, उनके घर से कोई आएगा. मी सांगून थकलो की कोणी येणार नाही. तुम्ही सांगा पडद्याच्या अलीकडून."

मी पडद्यापाशी गेलो. दाराशी ती पिशवीवाली खाला बसलेली, तिनं पदर पुढे घेतला. पडदा जरासा हलला आणि त्याच्या कडेतून वंदनाचा हात बाहेर आला. तळवा वर. कोपरापर्यंत बांगड्या घातलेल्या, त्या बायकांनीच घातल्या असणार.

"नाना," एवढंच म्हणाली.

माझ्या गळ्यात बिघडलेला थोरला आणि हातात चालू असलेला धाकटा. बाहेर काझीसाहेब चपला काढत होते. आत ती म्हातारी. बॅकअप एक आणि गरजा दोन. धाकटा दिला तर निकाह मी कशानं काढू? नाही दिला तर तिन्ही नातींमध्ये बसलेल्या दादीचा फोटो राहिला तो राहिला. पंचायत फक्त कॅमेऱ्याची नव्हती हेही मला कळत होतं.

मी म्हटलं, "उजवीकडचं बटण अर्धं दाबायचं, चौकोन हिरवा झाला की..."

"माहीत आहे. आईंनी शिकवलंय."

"केव्हा?"

"त्या झोपून असायच्या तेव्हा. दुपारी. तुम्ही खाली दुकानात असायचे. पापड, पोरं, माझी शिवणमशीन, सगळ्यांचे फोटो काढून घेतले माझ्याकडून त्यांनी. द्या ना, नाना, म्हातारी दमली."

मी तिच्या हातावर धाकटा ठेवला. हात आत गेला. आतून बायकांचा एकच गलका झाला. दादीचा आवाज वेगळा ऐकू आला, "मैं क्या बोली थी!"

आता मी आणि बिघडलेला रेंजफाइंडर. तर धुळ्याचा उस्ताद आठवला. त्यानं मला पहिले कितीतरी महिने कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता. हायवेच्या कडेला उभं करायचा आणि विचारायचा, "तो रिक्षावाला किती लांब? बोल." मी अंदाज सांगायचा, मग पावलं टाकून मोजायचं. चुकलं की, "परत बघ, गाढवा." त्याचं म्हणणं, खिडकी फुटली तरी लेन्सवर आकडे आहेत ना? लेन्सवर खरंच अंतराचे आकडे कोरलेले असतात. कांडी हलली तरी ते आकडे खोटे पडत नाहीत. उजेड भरपूर असला आणि लेन्सचं भोक बारीक केलं की थोडंफार पुढे-मागे चालून जातं.

ऊन होतं. मंडपाचं कापड पांढरं, उजेड सगळीकडे सारखा पसरलेला. मी कडं एका आकड्यावर ठेवलं आणि खिडकीचं नाव सोडलं. माझ्या आणि काझीसाहेबांच्या मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर ठेवायचं, ते पुढे सरकले की मी मागे, ते मागे की मी पुढे. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "नाना, आज नाचताय काय?" मी म्हटलं, "तुमच्या घरचं लग्न आहे, नाचू नको?" सगळे हसले. तो हसण्याचा फोटो आला, काझीसाहेब पण हसतायत त्यात. 'कबूल है' म्हणतानाचा नवरदेव आला. मुलीकडून होकार घेऊन येणारे वकील-साक्षीदार आले. रशीदभाई डोळे पुसतात तो आला, त्यात मागचा बांबू कुठच्या कुठे. काही गेले. जे गेले ते दिले नाहीत. असले समाधानाचे फोटो मी कितीतरी दिवसांत काढले नव्हते, कारण त्या दिवशी मला दुसरा विचार करायला सवड नव्हती.

ऊन कलल्यावर वंदना बाहेर आली. केस सुटलेले, एका बाहीला मेंदी लागलेली, धाकटा थैलीत.

"झालं?"

"झालं."

"दादी हसल्या का?"

"हसल्या नाहीत. ताठ बसल्या. मग रुखसार रडायला लागली तर तिला रागावल्या, तो आला."

"फोकस बघितलास का मोठं करून? बघू."

मी हात पुढे केला. तिनं थैली पाठीमागे नेली.

"नाना, तुम्ही बघायचं नाही ना?"

दाराशी बसलेली खाला पदराआडून हसली. मीही हसलो. काय करणार, ती अट माझ्याच घरानं पाळत आणलेली.

दुसऱ्या दिवशी वंदना दुकानात कॉम्प्युटरवर बसली आणि मी बाहेर. टपरीवाल्यानं मला बघितलं, कप पुढे केला आणि म्हणाला, "काय नाना, परत काढलं का बाहेर?" मला रडू आलं. त्याला वाटलं चहा पोळला.

वंदना पाकीट देऊन आल्यावर दोन-तीन दिवसांनी रशीदभाईंकडून बोलावणं आलं. दादीनं मला पडद्याच्या अलीकडे बसवलं आणि आतून एक प्रिंट बाहेर पाठवली. परवाची नव्हती. थोरल्या नातीच्या लग्नातली, इंदूनं काढलेली. चेहरा कोणाचाच नव्हता. फक्त हात होते. दादी नातीच्या तळव्यावर मेंदी काढतायत, आणि नातीचा दुसरा हात दादीच्या मनगटाला धरून आहे, म्हातारीचा हात हलू नये म्हणून.

पडद्याआडून दादी म्हणाली, "हात मेरे हैं. मैं जिसे चाहूँ उसे दिखाऊँ. देख लो, नाना."

मी बघितलं. पहिल्यांदा इंदूचं आतलं काम बघितलं. खिडकीचा उजेड एका बाजूनं घेतलेला. फ्लॅश नाही. कॅमेरा मांडीएवढ्या उंचीवर, म्हणजे ती त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसलेली. मी उभा राहून वरून काढला असता. मी हात मधोमध घेतले असते, तिनं एका कडेला घेतले आणि उरलेल्या जागेत नुसती सतरंजी ठेवली. ती जागा का ठेवली ते मला सांगता येत नाही, पण ती काढली तर फोटो मरेल एवढं मला कळतं. तिला कोणी शिकवलं? मी नाही. आणि असलं काम ती करते हे तिच्या तोंडावर म्हणायची संधी मला मिळाली नाही. अट पाळली त्याचा पस्तावा नाही. तरी लागतं.

"दूसरीवाली भी अच्छी है," दादी म्हणाली. "थोडा डाँटती ज़्यादा है."

मी म्हटलं, "धुळ्याची आहे. माले बी तसंच बोलस ती."

थोरला पुण्याहून दुरुस्त होऊन आला. केसरीमलशेठच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा कामाला लावला. पण दुकानात आता मोहल्ल्यातल्या बायका येतात त्या थेट वर जातात, वंदनाकडे. ब्लाउजचं माप आणि लग्नाची तारीख एकदमच देतात. संजयनं तिला अजून एक तसलाच छोटा कॅमेरा आणून दिला, कारण धाकटा आता कामाचा झाला, त्यालाही बॅकअप पाहिजे. माझ्या थोरल्याला बॅकअप म्हणून दोन्हींतला एकही ती देत नाही. म्हणते, तुमचं तुम्ही बघा.

मागच्या महिन्यात धुळ्याला एक लग्न होतं, रशीदभाईंच्या नात्यातलं. बाहेरच्या बाजूला त्यांनी तिथलीच पोरं लावली होती, त्यांच्याकडे उडणारा कॅमेरा, मोठमोठे दिवे. आपल्याकडून फक्त बायकांची बाजू मागितली होती. म्हणजे वंदना. मी म्हटलं, एस.टी.नं एवढं सामान घेऊन एकटी कशाला जातेस, पिशवी धरायला मी येतो. हॉलच्या दारातून ती आत गेली, तिथल्या दाराशी बसलेल्या खालानं तिचा मोबाइल पिशवीत टाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी बाहेर पुरुषांच्यात एका खुर्चीवर बसलो. गळ्यात काही नव्हतं. हात रिकामे घेऊन लग्नात बसायची सवय नाही मला, ते मांडीवर ठेवू की बगलेत घालू कळेना.

शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. सरबताचा ग्लास माझ्या हातात दिला, आपला घेतला, आणि लग्नात सगळेच विचारतात ते विचारलं, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

मी म्हटलं, "मी फोटोवाल्या बाईंकडचा."